आधी गोष्ट, मग सॉफ्टवेअर!

"व्हिडिओ एडिटिंग येतं का?" असं कुणी विचारलं की आपल्यातले निम्मेजण "थोडं थोडं" असं उत्तर देतात. याचा खरा अर्थ असा, की सुट्टीत एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, दोन-चार मेनू उघडून पाहिले, शिकवणीचा एक व्हिडिओ अर्धा बघितला आणि सबमिशन सुरू झाल्यावर सगळं डोक्यातून गेलं! इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना कॉम्प्युटरमधलं सगळंच येतं, असं घरच्यांना वाटतं. त्यांचा गैरसमज दूर करण्याचं धाडस आपण सहसा करत नाही.

पण हे असं का होतं? माझ्या मते कारण सोपं आहे. स्क्रू ड्रायव्हर नुसता हातात धरून कुणी मेकॅनिक होत नाही. समोर उघडायची वस्तू लागते, आणि ती उघडलीच पाहिजे अशी निकडही लागते. मल्टिमीडियाच्या साधनांचंही तसंच आहे. सांगायची गोष्ट आपली असेल, तर तिच्यासाठी लागणारं प्रत्येक बटण आपण शोधून काढतो आणि ते लक्षातही राहतं.

या विचारावर उभी असलेली एक पद्धत आहे, डिजिटल स्टोरीटेलिंग. स्वतःच्या आवाजात, स्वतःजवळच्या फोटोंवर सांगितलेली दोन-तीन मिनिटांची स्वतःची गोष्ट. ती पद्धत काय आहे, तिच्यातून साधनं कशी शिकता येतात आणि दुसऱ्याला विषय शिकवायला ती कशी उपयोगी पडते, हे मी केलेल्या एका छोट्या फिल्मच्या आधारे सांगते.

ही कल्पना आली कुठून?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॅना अ‍ॅचली नावाचे कलाकार 'नेक्स्ट एक्झिट' हा कार्यक्रम करत. रंगमंचावर शेकोटी असायची, पण ती व्हिडिओवरची! पडद्यावर त्यांचे जुने फोटो आणि घरगुती फिल्मचे तुकडे दिसत आणि शेकोटीशी बसून ते आपल्या आयुष्यातल्या गोष्टी सांगत. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी सामान्य लोकांसाठी कार्यशाळा घेतली. पुढे १९९४ मध्ये अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि नीना मलेन यांनी सॅन फ्रान्सिस्को डिजिटल मीडिया सेंटर सुरू केलं. १९९८ मध्ये ते बर्कलीला गेलं आणि 'सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग' झालं. २०१५ पासून त्याचं नाव 'स्टोरीसेंटर' आहे. अ‍ॅचली २००० मध्ये वारले, पण पद्धत जगभर पसरली. ब्रिटनमध्ये डॅनियल मेडोज यांच्या पुढाकाराने बीबीसीने २००१ ते २००८ या काळात 'कॅप्चर वेल्स' हा उपक्रम चालवला. त्यात वेल्समधल्या साध्यासुध्या माणसांनी आपापल्या छोट्या फिल्म्स बनवल्या.

या कार्यशाळा साधारण तीन दिवसांच्या असतात. गंमत म्हणजे सुरुवात कॉम्प्युटरपासून होत नाही. सगळे गोल बसतात आणि आपापली गोष्ट तोंडी सांगतात. ऐकणारे प्रश्न विचारतात. मग ती गोष्ट कागदावर उतरते, मग आवाज रेकॉर्ड होतो आणि सर्वांत शेवटी एडिटिंग. आपण नेमकं याच्या उलट करतो!

लॅम्बर्ट यांच्या केंद्राने चांगल्या डिजिटल गोष्टीचे सात घटक सांगितले, ते असे: सांगणाऱ्याचा दृष्टिकोन, शेवटपर्यंत धरून ठेवणारा प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, पार्श्वसंगीत, काटकसर आणि लय. नीट पाहा, या सातांत सॉफ्टवेअर कुठेच नाही.

शाळा-कॉलेजात ही पद्धत रुजवण्यात ह्यूस्टन विद्यापीठाच्या बर्नार्ड रॉबिन यांचं मोठं काम आहे. त्यांनी डिजिटल गोष्टींचे तीन प्रकार केले: वैयक्तिक अनुभव, इतिहासातल्या घटना, आणि एखादा विषय शिकवणाऱ्या गोष्टी. माझा प्रयत्न पहिला आणि तिसरा प्रकार एकत्र करण्याचा होता.

मोटर का जळते?

मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे इंडक्शन मोटरची थिअरी इंग्रजीत विचारा, घडाघडा सांगेन. पण माझ्या पप्पांचं कराडजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि तिथे सगळा कारभार मराठीत! एका सुट्टीत मी पप्पांना सिंगल फेजिंगचं समीकरण समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कळलं. आता हेच आपल्या दुकानातल्या पोराला मराठीत सांग." तो मुलगा आयटीआय करतोय. मी विचारात पडले. शब्द होते, पण ते त्याच्या उपयोगाचे नव्हते.

हीच अडचण आमच्या कॉलेजातही दिसते. दर शनिवारी आम्ही काही सिनिअर्स हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा अभ्यास घेतो. त्यातला एकजण गावाकडून, मराठी माध्यमातून आलेला. घरच्या विहिरीवरची मोटर दोनदा जळालेली त्याने स्वतः पाहिली आहे. पण वर्गात 'लाइन करंट' आणि 'कॉपर लॉस' हे शब्द सुरू झाले की तो मान खाली घालून बसायचा. एकदा म्हणाला, "ताई, मला वाटतं ही ब्रँच माझ्यासाठी नाही." ज्याच्या घरात हा विषय जळून धूर निघाला, त्यालाच तो परका वाटावा? मला ते फार लागलं. ठरवलं, फिल्म करायची ती याच विषयावर. नाव ठेवलं पप्पांचंच वाक्य: 'तांबं खोटं बोलत नाही'.

हे वाक्य त्यांच्या तोंडी का, ते सांगते. जळालेली मोटर दुकानात आली की पप्पा ती उघडून आधी कॉइलचा रंग बघतात. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या असतील, तर मोटरवर भार जास्त पडला किंवा व्होल्टेज फार कमी मिळालं. काही कॉइल काळ्या आणि काही नव्यासारख्या असतील, तर चालू मोटरचा एक फेज गेला. शेतकरी सांगतो, "मिस्त्री, काहीच झालं नाही, एकदम बंद पडली!" पण तांबं खरं काय ते सांगतं.

आता यातली थिअरी बघा. ५ एचपीची तीन फेजची मोटर ४१५ व्होल्टला पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. व्होल्टेज ३४० पर्यंत खाली आलं आणि भार तोच राहिला, तर तेवढंच काम करायला मोटर जास्त करंट ओढते, साधारण १.२ पट. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण १.७३ पट होतो. स्टार जोडणीत तोच करंट दोन वाइंडिंगमधून जातो आणि तिथली उष्णता तिप्पट होते. तिसऱ्या वाइंडिंगमधून काहीच जात नाही, म्हणून ते कोरं राहतं. एवढा मोठा धडा एका फोटोत मावतो!

पायरी पहिली: कागद

मी सगळ्यात आधी वही घेतली. पहिला मसुदा ६०० शब्दांचा झाला, त्यात मोटरचा इतिहाससुद्धा आला होता. दोन-अडीच मिनिटांत मराठीचे अडीचशेच्या आसपास शब्द निवांत वाचता येतात. त्यामुळे प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे फोटोत दिसणार आहे का? दिसणार असेल तर वाक्य कापलं. "कॉइल काळी पडली आहे" हे बोलायची गरज नाही, ती दिसतेच. शेवटी २४० शब्द उरले. सात घटकांतली काटकसर ती हीच.

धरून ठेवणारा प्रश्न पहिल्याच वाक्यात ठेवला: "या मोटरच्या काही कॉइल जळाल्या, काही नाहीत. असं का?" उत्तर शेवटाकडे. मधल्या वेळेत दुकान, पप्पांचे हात, आणि दाराशी बसून राहिलेला शेतकरी. मोटर बंद म्हणजे पाणी बंद, आणि उभं पीक वाट बघत नाही. भावना म्हणजे रडारड नव्हे. हा विषय कुणाच्या तरी पोटाशी जोडलेला आहे, एवढं कळलं की पुरे.

पायरी दुसरी: आवाज

आवाजासाठी ऑडॅसिटी वापरलं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० मध्ये लोकांसाठी खुलं झालं. रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ लागत नाही. मी कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. कपडे आवाजाचा प्रतिध्वनी शोषून घेतात. सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहायचं. मग ऑडॅसिटीत तेवढाच शांत तुकडा निवडून 'हा गोंगाट आहे' असं त्याला दाखवायचं, की तो पूर्ण रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर कमी करतो. फार कमी करायला गेलं तर आपला आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, म्हणून बेताने घ्यावं.

इथे अभ्यासातली एक गोष्ट प्रत्यक्ष भेटली. सॅम्पलिंग रेट ४४,१०० का? माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना १६ बिटचा धरला, तर एका चॅनेलच्या आवाजाला मिनिटाला सुमारे ५.३ एमबी लागतात. व्हायवासाठी पाठ केलेलं हे उत्तर फाइलचा आकार बघून पहिल्यांदा खरं वाटलं!

पप्पांनी माइकसमोर बोलायला साफ नकार दिला होता. "मी काय बोलणार? तूच बोल." शेवटी ते काम करत असताना मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "पप्पा, ही मोटर कशाने गेली, सांगा ना." ते सहज बोलले. त्यातलं एक वाक्य फिल्ममध्ये आहे. अर्थात, त्यांना ऐकवून आणि विचारून!

पायरी तिसरी: चित्र आणि टाइमलाइन

फोटो सगळे मोबाइलवर काढले, मोजून अठरा. ओपनशॉट या फुकट मिळणाऱ्या एडिटरमध्ये आधी आवाजाची पट्टी ठेवली आणि मग त्या आवाजाप्रमाणे फोटो खाली-वर लावले. हा क्रम लक्षात ठेवा. आधी फोटो लावले तर आवाज त्यांच्या मागे धावतो आणि लय बिघडते.

कॉइलच्या फोटोवर हळूहळू जवळ जाण्याचा परिणाम हवा होता. त्यासाठी की-फ्रेम शिकावी लागली. सुरुवातीला चित्र किती मोठं आणि शेवटी किती, हे दोन क्षण आपण सांगायचे, मधलं गणित सॉफ्टवेअर करतं. फोटो ४,००० पिक्सेल रुंद असेल आणि फिल्म १,९२० पिक्सेलची, तर साधारण दुपटीपर्यंत जवळ गेलं तरी चित्र फाटत नाही. एका फोटोतून दुसऱ्यात जायला शेकड्याने नमुने मिळतात, फुलं उमलतात, पानं उलटतात! मी फक्त साधा कट वापरला. मोटर जळाली असताना पडद्यावर फुलं कशाला?

एक व्यावहारिक सूचना. प्रोजेक्ट फाइलमध्ये फोटो साठत नाहीत, फोटो कुठे आहेत त्याचा फक्त पत्ता असतो. म्हणून आवाज, फोटो, प्रोजेक्ट सगळं पहिल्यापासून एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि पेन ड्राइव्हवर घ्यायचं झालं तर पूर्ण फोल्डर घ्या.

शेवटी एक्स्पोर्ट. १,९२० गुणिले १,०८० पिक्सेल, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एका चित्राला ६.२ एमबी. सेकंदाला २५ चित्रं धरली तर १५५ एमबी. अडीच मिनिटांचे २३ जीबीहून जास्त झाले! प्रत्यक्षात माझी फाइल ४० एमबीच्या आत बसली. ही किमया कॉम्प्रेशनची. २००३ मध्ये ठरलेल्या एच.२६४ या मानकात अधूनमधून पूर्ण चित्र साठवतात आणि मधल्या चित्रांसाठी मुख्यतः काय बदललं तेवढंच. माझ्या फिल्ममध्ये स्थिर फोटो जास्त, बदल कमी, म्हणून फाइल लहान. हा धडा वाचून जितका कळला असता, त्यापेक्षा फाइलचा आकार बघून जास्त कळला.

शिकवताना काय सांभाळावं?

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी २००१ मध्ये 'मल्टिमीडिया लर्निंग' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या संशोधनातून निघालेले काही नियम फार उपयोगी आहेत. चित्राबरोबर बोललेले शब्द असले तर शिकणं सोपं जातं. पण तेच शब्द पडद्यावरही लिहिले तर डोळ्यांवरचा भार वाढतो. विषयाशी संबंध नसलेलं संगीत आणि सजावट शिकण्याच्या आड येते. बोलण्याची भाषा गप्पांसारखी असावी. म्हणून मी पडद्यावर वाक्यं लिहिली नाहीत, फक्त 'फेज गेला' आणि 'व्होल्टेज कमी' अशी दोन लेबलं योग्य फोटोवर ठेवली. पार्श्वसंगीताऐवजी दुकानातलाच आवाज घेतला, दुरुस्त मोटर पहिल्यांदा फिरते तेव्हाचा. त्यामुळे कुणाचं गाणं न विचारता वापरण्याचा प्रश्नही आला नाही.

आणखी एक गोष्ट: फिल्म म्हणजे लेक्चर नव्हे. अडीच मिनिटांत गणितं सुटत नाहीत. आम्ही शनिवारी असं केलं. आधी कॉइलचा फोटो दाखवून विचारलं, "ही मोटर कशाने गेली असेल?" प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिला. मग फिल्म दाखवली. मग फळ्यावर १.७३ कुठून येतो ते काढलं आणि शेवटी प्रत्येकाने एक गणित सोडवलं. गोष्टीने दार उघडलं, आत जायला खडूच लागला.

आणि तो मान खाली घालणारा मुलगा? फिल्म संपल्यावर त्यानेच पहिला प्रश्न विचारला, "ताई, आमची मोटर डेल्टाची होती. तिच्यात एकच गट काळा होता, दोन चांगले होते. ते कसं?" प्रश्न इतका नेमका होता की सगळे त्याच्याकडे बघायला लागले. उत्तर असं, की डेल्टात एक तार तुटली तर एकाच वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि बाकीची दोन एकापुढे एक जोडल्यासारखी होऊन अर्धा करंट घेतात. म्हणून चित्र स्टारच्या उलट! हे त्याने स्वतः फळ्यावर आकृती काढून दाखवलं. 'लाइन करंट' हा शब्दसुद्धा तेव्हा त्याने न अडखळता वापरला. त्याच्या प्रश्नासाठी मी फिल्ममध्ये एकोणिसावा फोटो घातला.

भाषा आपली, पडदा कुठलाही

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्प अनेकांना माहीत असेल. त्यात सॉफ्टवेअरचा पडदा इंग्रजीतच असतो, पण समजावणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो. मला ही कल्पना फार आवडते. मेनूचं भाषांतर झालं नाही तरी चालेल, पण समजावणारा आवाज ओळखीचा हवा. मी कॉन्व्हेंटमधली, मराठी लिहिताना अजूनही ऱ्हस्व-दीर्घाला बिचकते. तरी ही फिल्म इंग्रजीत केली असती तर तिच्यात पप्पा आले नसते, आणि पप्पांशिवाय ती मोटरची गोष्ट झाली नसती, फक्त मोटरची माहिती झाली असती.

साधनांचं काय, ती येतात आणि जातात. विंडोज मूव्ही मेकर २००० मध्ये आलं, कित्येकांनी त्याच्यावर पहिली फिल्म केली आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. ज्यांनी फक्त त्याची बटणं पाठ केली, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांनी गोष्ट कशी कापायची, आवाज आधी का लावायचा, फोटो किती वेळ ठेवायचा हे शिकून घेतलं, त्यांना नवं सॉफ्टवेअर चार दिवसांत जमलं. आज आपण वापरतो ती साधनंही उद्या बदलतील. म्हणून शिकायचं ते हेच.

तर मग पुढच्या सुट्टीसाठी छोटासा गृहपाठ. आपल्या ब्रँचमधली अशी एक संकल्पना निवडा, जी तुम्ही घरात, शेतात, दुकानात किंवा एसटीत प्रत्यक्ष पाहिली आहे. सिव्हिलवाल्यांना घराच्या भिंतीची भेग, मेकॅनिकलवाल्यांना काकांच्या ट्रॅक्टरचा गिअर, कॉम्प्युटरवाल्यांना रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन. पहिल्या दिवशी फक्त ती गोष्ट एका मित्राला तोंडी सांगा. दुसऱ्या दिवशी अडीचशे शब्दांत लिहा. तिसऱ्या दिवशी आवाज, चौथ्या दिवशी फोटो, पाचव्या दिवशी एडिटिंग. ज्यांचे फोटो आणि आवाज घ्याल, त्यांना आधी विचारा आणि तयार फिल्म सर्वांत आधी त्यांनाच दाखवा. आणि मग एखाद्या ज्युनिअरसमोर ती लावून बघा. त्याने प्रश्न विचारला, तर समजा तुमची फिल्म पास झाली!